सीरमच्या बॅचमधली वासरं

माझा नवरा रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे असं सांगितलं की आपल्या लोकांच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कोणी पुढचं काही विचारत नाही. मी काय करते हे सांगितलं की मात्र हातातली प्लेट थांबते. मी गुरांची डॉक्टर. आठवड्यातले चार दिवस डोंगर ओलांडून पलीकडे, यकिमाच्या खोऱ्यातल्या एका रँचवर राहते आणि तिथल्या लॅबमध्ये गाईंचे भ्रूण गोठवते. ऐकणाऱ्याला वाटतं, पांढरा कोट घालून करायचं शांत काम असेल. एका काकूंनी माझ्या भुवईवरच्या व्रणाबद्दल विचारलं तेव्हा बाथरूममध्ये पाय घसरला असं मी सांगितलं. खरं सांगितलं असतं तर त्यांना समोरचं जेवण गेलं नसतं.

अमेरिकेत आल्यावर पहिली सात वर्षं मला कामाची परवानगीच नव्हती. अकोल्याला पशुवैद्यक शिकलेली, तालुक्याच्या दवाखान्यात म्हशींच्या मागे धावलेली मी, अपार्टमेंटच्या खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्यांवर पडणारा पाऊस बघायचे. परवानगी आली तेव्हाही इथली परीक्षा दिलेली नसल्यामुळे डॉक्टर म्हणून कोणी घेईना. या रँचच्या मालकाने घेतलं. कागदावर मी लॅब टेक्निशियन. मालक साठीचा, दारात उभा राहिला की दार भरून टाकणारा माणूस. त्याने जुन्या गोठ्याच्या एका टोकाला लॅब बांधली होती. मुलाखतीत त्याने मला टेबलावर दोन्ही हात पसरायला सांगितले, मिनिटभर बघितलं, आणि हात थरथरत नाहीत म्हणून नोकरी दिली.

काम सांगायला सोपं आहे. चांगल्या जातीच्या गाईच्या अंडाशयातून सुईने बीजं काढायची, काचेच्या बशीत त्यांचं फलन करायचं, सात दिवस वाढवायचं. सातव्या दिवशी जो भ्रूण होतो तो रव्याच्या कणाहून लहान असतो. तो स्ट्रॉमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या एका बारीक नळीत भरायचा आणि गोठवून लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत ठेवायचा. पुढे कधीतरी नळी कोमट पाण्यात वितळवून भ्रूण एखाद्या साध्या कालवडीच्या गर्भाशयात सोडायचा. वासरू उंची जातीचं, पोट दुसरीचं.

अडचण गोठवण्यात आहे. पाण्याचा बर्फ होताना त्याला टोकं फुटतात, आणि भ्रूणाच्या पेशीत पाणीच पाणी असतं. आतल्या आत सुया उगवाव्यात आणि सगळ्या पडद्यांच्या चिंध्या व्हाव्यात असं ते असतं. मी आले तेव्हा तिथे निम्म्याहून जास्त भ्रूण वितळताना मरायचे. मायक्रोस्कोपखाली बघायला बसलं की एकेक दिसायचा: कवचाला तडा, आतला ऐवज बाहेर सांडलेला, काळपट. मी तालुक्याला पोटं फाटलेली जनावरं पाहिली होती. हे तसंच होतं, फक्त आवाज नव्हता.

आवाज एकदा झाला. एका नळीचं तोंड नीट बंद झालेलं नव्हतं आणि तिच्यात नायट्रोजन शिरलेला होता. मी ती पाण्यात धरली आणि ती फटाक्यासारखी फुटली. प्लॅस्टिकची चीप भुवईत घुसली, डोळ्यात रक्त उतरलं. मालक शेजारीच उभा होता. त्याने आधी विचारलं की ती नळी कोणत्या गाईची होती.

त्याचा राग अंगात नसायचा, हातात असायचा. बोलताना आवाज चढत नसे. एक गाय पिंजऱ्यात शिरेना म्हणून त्याने तिच्या तोंडावर काठी मोडली, आणि मोडलेला तुकडा खाली टाकून माझ्याशी हवामानाबद्दल बोलत राहिला. हा पिंजरा म्हणजे जनावराला उभ्याने जखडायची लोखंडी चौकट. पुढे मान अडकवायची, दोन्ही बाजूंनी पत्रे आवळायचे.

गुरांचं सगळं बघणारे एक मेक्सिकन गृहस्थ होते. पन्नाशी उलटलेली, उजव्या हाताचा अंगठा नाही. तरुणपणी बैलाला फास टाकताना दोर अंगठ्याभोवती वळला आणि अंगठा दोराबरोबर गेला. ते मला दोक्तोरा, म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणायचे. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायचे आणि एकदा तोंडातून निघून गेलं. अर्थ विचारला, मी सांगितला. त्यानंतर मी त्यांना उघड काका म्हणू लागले.

पहिल्या हिवाळ्यात मी गोठवण्याची पद्धत बदलत गेले. थंड करण्याचा वेग कमी केला. ठरावीक थंडीला चिमटा नायट्रोजनमध्ये बुडवून नळीला टेकवायला लागले. त्याने भ्रूणाच्या बाहेरच्या पाण्यात बर्फ आधी धरतो आणि पेशीतलं पाणी सावकाश बाहेर ओढलं जातं. वितळवताना नळी थेट पाण्यात घालणं बंद केलं. आधी काही सेकंद हवेत धरायची, मग पाण्यात. नुसत्या त्या सेकंदांनी कवचाला तडे जाणं जवळजवळ थांबलं. मालकाने एकदा मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावून पाहिलं, माझ्या पाठीवर थाप मारली. खांदा दुखला, पण मला ती थाप आवडली होती.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की खरा दोष गोठवण्याच्याही आधी आहे. आम्ही भ्रूण ज्या द्रवात वाढवायचो त्यात सीरम घालायचो. कत्तलखान्यात गाभण गाय कापली गेली की तिच्या पोटातल्या वासराच्या हृदयात सुई घालून रक्त काढतात, आणि त्या रक्तातून सीरम निघतं. त्याने भ्रूण भराभर वाढतात. पण ते आतून चरबीने भरतात, मायक्रोस्कोपखाली काळे दिसतात, आणि चरबीवाला भ्रूण थंडीत लवकर फाटतो. मी सहा आठवडे सीरमशिवाय काही बशा लावल्या. भ्रूण कमी झाले, उशिरा झाले, पण काचेसारखे स्वच्छ झाले. वितळल्यावर त्यांतले बहुतेक जिवंत.

मालकाला दोन बशा दाखवल्या. त्याने माझं अर्धंच ऐकलं. इकडे चाळीस दिसतात, तिकडे चोवीस, आणि मला मोजता येतं, असं म्हणाला. तुझ्या नव्या पद्धतीने काळेसुद्धा जगतायत ना, मग सीरम चालू ठेव.

सीरममध्ये वाढलेल्या भ्रूणांची वासरं कधीकधी पोटातच प्रमाणाबाहेर वाढतात, हे मी वाचलेलं होतं. एकदा नाही, अनेकदा. ते मी त्याला सांगितलं नाही. गोठवण्याबद्दल बोलले तेवढं पुरे असं ठरवलं. कधीकधीच होतं, इथे होईलच असं नाही, असं स्वतःला समजावलं. सात वर्षांनी मिळालेलं काम होतं आणि पाठीवरची थाप ताजी होती.

एप्रिलमध्ये आम्ही ते भ्रूण कालवडींमध्ये सोडले. मी नळ्या वितळवत होते, काका एकेकीची शेपटी धरून तिला हळू आवाजात स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगत होते. पूर्वी इतक्या कालवडी कधी गाभण राहिल्या नव्हत्या. मालकाने त्या दिवसांत सगळ्यांसाठी बीफ भाजलं. मी मक्याचं कणीस खाल्लं.

जानेवारीत पहिली कालवड व्यायला आली तेव्हा तिचे दिवस उलटून दहा दिवस झाले होते. सकाळचे नऊ वाजले असतील, बाहेर गुडघाभर बर्फ. काकांनी लॅबच्या दारावर थाप मारली आणि नुसतं चला म्हणाले. कालवडीच्या मागून दोन खूर बाहेर आले होते. पहिलारू कालवडीच्या वासराचे खूर माझ्या मुठीत मावतात. हे चहाच्या बशीएवढे होते. मी हात घातला. डोकं कुठपर्यंत जातं तेच कळेना. जागाच नव्हती, हाडाला हाड लागलेलं.

लायसन्सवाला डॉक्टर दीड तासावर होता आणि घाट बंद होता. मालकाने वासरू ओढायचा जॅक आणायला सांगितलं. त्याला एका टोकाला लोखंडी कमान असते, ती कालवडीच्या मांड्यांना टेकते. मधे लांब दांडा, आणि दांड्यावर सरकणारी कळ. वासराच्या पायांना साखळ्या बांधायच्या आणि कळ मागेपुढे करून खेचायचं. एका माणसाच्या हातात पाच-सहा माणसांचं बळ येतं. मी म्हणाले पोट उघडू या. त्याने कळ हातात घेतली.

डोकं आलं, खांदे आले, आणि कंबर अडकली. तो ओढत राहिला. कालवड सुरुवातीला ओरडत होती, मग तिने ओरडणं सोडून दिलं, आणि ते जास्त वाईट होतं. वासरू शेवटी बाहेर पडलं तेव्हा आत काहीतरी मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. वासरू मेलेलं होतं. कालवडीने पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न केला. मागचा भाग तिचा राहिलाच नव्हता. ती पुढच्या दोन पायांनी शेणातून स्वतःला ओढत आपल्या वासराकडे सरकत राहिली. काका घरातून रायफल घेऊन आले. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, तो काढून तिथेच रायफलची नळी टेकवली. गोठ्यात तो आवाज इतका मोठा झाला की मला दुपारपर्यंत नीट ऐकू येत नव्हतं.

वासराचं वजन नेहमीच्या दुप्पट भरलं. जीभ तोंडात मावत नव्हती.

दोन दिवसांनी दुसरी. या वेळी मी मालकाला विचारलंच नाही. काकांनी कालवडीला उभं धरलं, मी डाव्या कुशीवरचे केस भादरले, भूल दिली आणि कूस उघडली. हे माझ्या कागदावरच्या कामात बसत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ते वासरू बाहेर काढलं आणि ते जिवंत होतं. पण त्याची बेंबी बंद झालेली नव्हती आणि तिथून आतडी बाहेर लोंबत होती. ते उठायला बघायचं आणि स्वतःच्याच आतड्यांवर पाय देऊन पडायचं. तीनदा पडल्यावर काकांनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली आणि ते रायफल आणायला वळले. मी टाके घालत होते, म्हणून मला मागे वळून बघावं लागलं नाही.

मग ते थांबेना. बारा दिवसांत आठ कालवडी. कोणाची कूस उघडली, कोणाची आतून फाटली, एक उभ्याउभ्या रक्त जाऊन मेली, आणि रक्त बर्फावर इतकं लांब पसरलं की सकाळी आलेल्या कोल्ह्यांना हुसकावायला दोन कुत्री सोडावी लागली. गोठ्यामागे मेलेल्यांचा ढीग झाला. नेणारा ट्रक घाटापलीकडे अडकला होता. माझ्या हातांना धुऊनही वास यायचा. लॅबमध्ये जाऊन बसले की टाकीतल्या उरलेल्या नळ्या आठवायच्या. माझी पद्धत चांगली झाली होती म्हणूनच ही वासरं जगली होती. जुन्या पद्धतीत ती रव्याच्या कणाएवढी असतानाच फाटून मेली असती आणि कोणाला काही कळलं नसतं.

तेराव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मला गोठ्यातून ओरडणं ऐकू आलं. मालकाने मला न बोलावताच सुरुवात केली होती. कालवड पिंजऱ्यात होती, मान अडकवलेली, मागे जॅक लावलेला. वासराचं डोकं बाहेर आलं होतं, जीभ निळी पडून लोंबत होती. मी डोळ्यावर बोट टेकवून पाहिलं, पापणी हलली नाही. काका पिंजऱ्याला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मी मालकाला सांगितलं की वासरू गेलेलं आहे. आता ओढू नका. मी त्याला आतच कापून तुकड्यांनी काढते, कालवड वाचेल. तो म्हणाला, या आठवड्यात तू खूप कापलंस. आणि कळ ओढली. कालवडीचे मागचे पाय वाकले.

काकांनी पुढे होऊन आपला चार बोटांचा हात कळीवर ठेवला. म्हणाले, "बास. आता नाही."

मालकाने कळ सोडली. मला वाटलं थांबला. गुरांनी मागे सरकू नये म्हणून पिंजऱ्यात आडवा घालायचा लोखंडी गज शेजारी टेकवलेला होता. त्याने तो उचलला आणि अगदी सहज, काठी मोडली होती तसा, काकांच्या तोंडावर मारला. काका बाजूला कोसळले. जबडा एकीकडे गेलेला दिसत होता. तोंडातून रक्ताबरोबर दात आले. मालकाने गज खाली टाकला, पुन्हा कळीकडे वळला, आणि ओढायला लागला.

माझ्या हातात वासराच्या पायांना बांधायची जास्तीची साखळी होती, टोकाला पोलादी मूठ असलेली. मी ती फिरवून त्याच्या तोंडावर मारली. मूठ ओठावर बसली. तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं, आणि मी पुन्हा मारली. पहिला फटका बसला तेव्हा मी काय करतेय हे मला कळत नव्हतं. दुसऱ्या वेळी कळत होतं. मी कानाच्या वर नेम धरला होता. तो गुडघ्यांवर आला, मग भिंतीला पाठ लावून खाली बसला. मला भीती वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. तिसरा मारावासा वाटत होता. तो मारला नाही, कारण कालवड खाली बसायला लागली होती आणि मान अडकलेली असताना ती बसली असती तर गळफास लागून मेली असती.

मी मान सोडवली, ती कुशीवर पडली. कमरेत भूल दिली. आत वासरू कापायला तारेची करवत असते. तार वासराभोवती फिरवून नळीतून बाहेर घ्यायची, आणि मी आत नळी धरून असताना दुसऱ्या कोणीतरी तारेची टोकं मागेपुढे ओढायची. दुसरं कोणी नव्हतं. काका रांगत आले, तारेच्या मुठी हातात घेतल्या आणि ओढायला लागले. त्यांच्या हनुवटीवरून रक्त माझ्या दंडावर टपकत होतं. खांदा कापला, काढला. छाती कापली. पोट. मग कंबर दोन भागांत. तार हाडातून जाताना तिचा करकर आवाज माझ्या कोपरापर्यंत जाणवायचा. पाऊण तास लागला. मालक भिंतीपाशी बसून बघत होता. मधे एकदा त्याने उठायचा प्रयत्न केला, तेव्हा काकांनी तार न थांबवता त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो पुन्हा बसला.

कालवड तासाभराने उठली. पाय लटपटत होते, पण उठली आणि पाणी प्याली.

मी काकांना पिकअपमध्ये घालून हॉस्पिटलला नेलं. नर्सने विचारलं तेव्हा त्यांनी बोटाने हवेत शिंगं काढून दाखवली. गाईने मारलं असं मीही सांगितलं. आमच्या गुरांना शिंगं नव्हती, पण नर्सला ते माहीत नव्हतं.

पार्किंगमधून नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू त्याला मारलंस? यार, पोलीस आले तर? आपलं ग्रीन कार्ड अजून पेंडिंग आहे." मग त्याने विचारलं, "तुला लागलंय का?" ज्या क्रमाने विचारलं तो क्रम माझ्या लक्षात राहिला आहे. हेही लक्षात आहे की त्याने दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या मीटिंग कॅन्सल केल्या, घाट उघडल्याबरोबर चाकांना साखळ्या लावून ड्राइव्ह करत आला, आणि रँचवर मी राहायचे त्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, सिंकमध्ये माझे कपडे स्वतः धुतले. पाणी लाल निघत होतं. तो पुण्यात वाढलेला माणूस, त्याने गाय जवळून पाहिलेली नव्हती. तो बेसिनवर वाकून ओकला आणि पुन्हा धुवायला लागला.

पोलीस आले नाहीत. मालकाने तक्रार केली असती तर काकांचा जबडा पुढे आला असता.

तीन दिवसांनी मालक लॅबमध्ये आला. ओठाला टाके, कानापाशी सूज, एक डोळा जवळजवळ बंद. मी बॅग भरून ठेवली होती. तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ मायक्रोस्कोपकडे बघत राहिला. माफी त्याने मागितली नाही, मीही मागितली नाही. पुढच्या मोसमात सीरमशिवाय कर, एवढं म्हणाला.

मी विचारलं, टाकीत जुन्या बॅचच्या नळ्या आहेत त्यांचं काय. आयडाहोच्या एका माणसाला त्या द्यायच्या ठरल्या होत्या. मी टाकीचं झाकण उघडलं, धुरातून त्या नळ्यांचा अख्खा जुडगा उचलला आणि त्याच्यासमोर सिंकमध्ये ठेवून गरम पाण्याचा नळ सोडला. त्यांतल्या काही फुटल्या. दोघांच्याही तोंडावर थेंब उडाले. त्याच्या हाताची मूठ वळलेली मला दिसत होती, आणि मी माझा हात कात्रीजवळ ठेवला होता. तो उठला नाही. पाणी थंड होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.

काका परत आले नाहीत. जबडा तारेने बांधल्यामुळे त्यांना महिनाभर पातळच घ्यायचं होतं, म्हणून एका शनिवारी मी वरणाचं पाणी, तूप-जिरं घालून, डब्यात भरून त्यांच्या घरी नेलं. त्यांच्या बायकोने ते पेल्यात ओतून दिलं. त्यांनी घोट घोट प्यायलं, आवडलं असं खुणेने सांगितलं. मग दातांआडून, एकेक शब्द सुटा करत, विचारलं, "एप्रिलमध्ये तुला माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी त्या कालवडींना धरलं नसतं."

मी काहीतरी बोलले असेन. वाचलं होतं पण खात्री नव्हती, असंच काहीतरी. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या बायकोने डबा धुऊन, पुसून माझ्या हातात दिला. त्यानंतर मी चार-पाच वेळा फोन केला. त्यांनी उचलला नाही. आता ते खोऱ्याच्या खालच्या अंगाला सफरचंदांच्या बागेत काम करतात असं कळलं. गुरांच्या कामाला पुन्हा गेले नाहीत.

मी मात्र त्याच रँचवर राहिले. लोकांना, म्हणजे ज्या दोघा-तिघांना हे माहीत आहे त्यांना, ते समजत नाही. नवऱ्यालाही समजत नाही. मला दुसरीकडे काम मिळालं असतं की नाही, माहीत नाही. मी शोधलंच नाही. मला सीरमशिवायच्या भ्रूणांची वासरं बघायची होती.

ती या हिवाळ्यात आली. पहिली कालवड फेब्रुवारीत, दिवस भरल्यावर दोन दिवसांनी, सकाळी कुरणात एकटीच व्याली. मी पोचले तेव्हा वासरू उभं राहून आचळ शोधत होतं. बेताचं, सुकं, बेंबी बंद. मी बेंबीला आयोडिन लावायला खाली वाकले. कुंपणाच्या आत एकटीने जायचं नाही, हे मला काकांनीच शिकवलं होतं.

कालवड कधी धावली ते दिसलं नाही. पाठीवर धक्का बसला आणि मी बर्फात पालथी पडले. मग तिने डोक्याने मला जमिनीशी रगडायला सुरुवात केली. एक बरगडी मोडल्याचं ऐकू आलं, मग दुसरी. श्वास येईना. तिचा गरम, ओला श्वास माझ्या मानेवर होता आणि ती घशातून घुमत होती, वासराशी बोलतात तसं नाही, मारायचं असतं तसं. मी हातांनी डोकं झाकलं. आता पाय देईल, मग संपलं, एवढंच डोक्यात होतं.

मालक कुंपणावरून चढून आला. साठी उलटलेला तो माणूस बर्फात धावत आला आणि आपलं जाडजूड जॅकेट तिच्या तोंडावर फेकून तिच्या आणि माझ्या मधे उभा राहिला. तिने त्यालाही एकदा धडक दिली. तो पडला, उठला, पुन्हा मधे उभा राहिला. ती वासराकडे परत गेल्यावर त्याने मला काखेत धरून ओढत कुंपणाखालून बाहेर काढलं. आम्ही दोघं बर्फात बसून धापा टाकत होतो. त्याच्या ओठावरचा माझा व्रण थंडीत पांढरा दिसत होता.

त्याने विचारलं की वासराचं वजन किती आहे. मी म्हणाले, घेतलं नाही. तो उठला, माझ्या पिकअपमधून वजनकाटा काढला, आणि पुन्हा कुंपण चढायला लागला.